खुंटीवर टांगलेला दोर

दुधाच्या गंजावरचं झाकण थडथडलं, आणि तेव्हा कुठे कळलं की आमच्या घरात माणसं आहेत.

बाबा ओसरीवर बसले होते. पुढ्यात चहाची कपबशी, चहावर साय. काल संध्याकाळपासून ते एवढंच करत होते… बसत होते. चिमी, माझी चार वर्षांची लेक, तीसुद्धा भिंतीला टेकून गप्प होती. मी गॅस बंद केला, झाकण बाजूला ठेवलं, आणि दाराची कडी वाजली.

दारात एक माणूस. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, केसांत पाचोळा, हातात रिकामी बादली. डोळे मात्र… जाऊ द्या. डोळे मी नंतर पाहिले.

"जुन्या चादरी भेटतील का, सुती? गाड्यायच्या सिटा भिजल्या. टिपून काढाच्या आहेत. लॉनवर म्हणाले, या घरी चादरी असतात."

गाड्या! कालपासून आमच्या घरात त्या शब्दाला जागा नव्हती.

भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापूरला हायवेवर लग्नकार्यांचं जे मोठं लॉन आहे, तिथे रविवारी लिलाव होणार होता. जुन्या, शौकिनांच्या गाड्यांचा. नागपूरचे चंद्रकुमारजी तो भरवत होते. नागपूर आणि रायपूर, दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना यायला सोयीचं म्हणून त्यांनी आमचं गाव निवडलं. मंडप आमचा – यादोराव बिछायत केंद्र. शनिवारी दुपारी वादळ आलं, पाठोपाठ गारा, आणि मंडप त्या गाड्यांवर बसला. माणसं वाचली, देवाची दया म्हणा की नशीब म्हणा. पण गारा वितळायच्या आत चंद्रकुमारजी एका चेपलेल्या गाडीशेजारी उभे राहिले आणि मोबाइलसमोर बोलले, "लोकल बिछायतवाल्याच्या कच्च्या कामामुळे हे नुकसान झालं."

कच्चं काम! मी जन्मायच्या आधीपासून माझे बाबा मंडप घालतात. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या मंडपाखाली लागली. माझंही लागलं. ते लग्न टिकलं नाही, पण मंडप टिकला होता! आणि तो व्हिडिओ एका संध्याकाळीत गावभर फिरला. ज्यांच्या घरी बाबांनी तीन-तीन पोरींचे मंडप उभारले, ते लोक फोन करून म्हणायला लागले, "पुढच्या आठवड्याचं सध्या राहू द्या, यादोरावजी. पाहून सांगतो."

"चिमे," मी त्या माणसाकडे न बघता म्हटलं, "या मामाले सांग, इथं चादरी नाई भेटत. इथं कच्चं काम भेटते."

चिमी निरोप पोचवण्यात पटाईत. "मामा, इथं कच्चं काम भेटते."

तो गडबडला. "हे बिछायतवाल्यायचं घर होय का?"

"नाई, कलेक्टरचा बंगला होय."

त्याने मान खाली घातली. बादलीची कडी उगाच इकडून तिकडे केली. वळणार, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला – रात्रीपासूनचा पहिलाच.

"हर्षा, दे चादरी."

"बाबा!"

"गाड्यायनं काय केलं आपलं? भिजल्या बिचाऱ्या. दे."

आमच्या चादरी एकट्या कुठे जात नाहीत. म्हणून मी गठ्ठा डोक्यावर घेतला, चिमीचं बोट धरलं, आणि त्याच्या मागे निघाले. रागाने. फक्त रागाने – असं मला तेव्हा वाटत होतं.

लॉनवर काल जिथे झुंबर होतं, तिथे चिखल होता आणि चिखलात झुंबर. एका पांढऱ्या गाडीच्या टपावर मंडपाचा पाइप आडवा पडून तिची पाठ मोडली होती. फियाटच्या काचेचं पीठ झालेलं. आणि एक मरून रंगाची, लांब नाकाची, उघड्या टपाची… तिच्यात गारा साचून वितळल्या होत्या. सिटांच्या वर पाणी, पाण्यावर सजावटीच्या प्लास्टिकच्या पाकळ्या.

"हिले उन्हातबी कोणी काढत नाई," तो हळूच म्हणाला आणि बादलीने पाणी उपसायला लागला, हळूहळू, जसं काही आत कुणी झोपलंय. "हिचं कातडं तिच्या जन्माचं आहे. बदललेलं नाई कधी."

"तुम्ही कोण?"

"भूपेश. पवनीचा. गाड्या सांभाळाचं काम करतो साहेबाकडं."

"मोठ्या सांभाळल्या!"

तो उपसत राहिला.

मी मंडपाभोवती फिरले. पूर्वेच्या बाजूच्या खुंट्या उपटून आल्या होत्या, दोर तुटून लोंबत होते. वादळाने करायचं ते केलेलं. मग पश्चिमेला गेले. वादळ ज्या दिशेने आलं, त्या दिशेला. आणि थांबले.

तिथल्या खुंट्या जमिनीत सरळ उभ्या होत्या. दोर तुटलेले नव्हते, ताणलेले नव्हते… दोर खुंट्यांवर टांगलेले होते. गुंडाळी करून, नीट!

मंडपाला चारी बाजूंनी जे दोर ओढून धरतात, त्यांना आम्ही तणावे म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी स्वतः एकेका तणाव्यावर पाय देऊन पाहिला होता. मी तिथेच होते, हातात त्यांचा चहा घेऊन. वारा दोर तोडतो, खुंटी उपटतो. पण वारा काही दोराची घडी घालून टांगून ठेवत नाही ना!

आणि घडी आमच्या पोरांची नव्हती. आमची पोरं दोर कोपराभोवती गुंडाळतात आणि ट्रकमध्ये फेकतात. ही इंग्रजी आठासारखी होती, मधोमध कंबर बांधलेली, टोक आत खोचलेलं. कुणीतरी मायेने केलेली.

"इकडं या!" मी ओरडले. तो बादली टाकून आला. "पाहा. कोणी सोडले हे?"

त्याने त्या दोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हातातली ओली चादर पिळायला लागला, आणि ती कोरडी झाली तरी पिळत राहिला.

मी तशीच लॉनवरच्या चंद्रकुमारजींच्या खोलीवर गेले. एसी लावून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, मंगळवारी विम्याचा सर्व्हेअर येतो आहे. तुमचे वडील त्याच्यासमोर सांगणार आहेत, मंडप कमजोर होता. काल रात्रीच फोनवर त्यांचं-माझं बोलणं झालं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

बोलणं झालं? घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मोठा माणूस आहे, बेटा. भांडून काय भेटते? झाली असन चूक आपलीच."

मी त्या रात्री जेवले नाही. चंद्रकुमारवर नव्हे, बाबांवर चिडून. मी संसार सोडून चिमीला कडेवर घेऊन परत आले, तेव्हा या माणसाने एक प्रश्न विचारला नव्हता. सगळ्या गावासमोर बिछायतीचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले होते, आता हर्षाशी बोला. ज्यांनी मला मान वर करायला जागा दिली, ते स्वतः मान खाली घालून 'आमचं काम कच्चं' म्हणणार! एकदा ते शब्द त्यांच्या तोंडून गेले की त्यांच्या मंडपाखाली कोण पोरगी बसवेल?

*

दुसऱ्या दिवशीही मी लॉनवर गेले. दोर कोणी सोडले ते शोधायला, असं बाबांना सांगितलं. खरंही होतं ते… बरंचसं.

भूपेश चादरी सिटांवर अंथरायचा, तळव्याने दाबायचा, उचलायचा. मी पिळून वाळत घालायची. मधूनच आमचे हात एकाच चादरीच्या दोन टोकांना यायचे, आणि पिळताना तो उलट्या बाजूला पिळायचा, मी सुलट्या… मग चादर आमच्यामध्ये आखडत जायची, आणि आम्ही जवळ. तो लगेच टोक सोडून द्यायचा आणि गाडीला काहीतरी झाल्यासारखं धावत जायचा.

एक गंमत माझ्या लक्षात आली. तो मला ताई म्हणत नव्हता. वहिनी नाही, मॅडम नाही. "अवो…" म्हणायचा आणि पुढचा शब्द गिळायचा.

चिमी मरून गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली होती. तिने रबरी भोंगा दाबला – पोंऽऽ! "मामा, चालू होते का हे?"

"चिमीबाई," तो बोनेटवर वाकून म्हणाला, "मले मामा नको म्हणू ना."

"काहून?"

"पवनीत मले भाचेच भाचे आहेत. जागा भरली."

मी चादरीआडून हसले. आपल्याकडे परक्या माणसाला पोराचा मामा करून टाकणं किती सोपं असतं! मामा म्हटला की तो आपला भाऊ झाला, दार बंद. काल रागात मी ते दार धाडकन लावलं होतं, आणि हा बाहेर उभा राहून कडी वाजवत होता.

"मंग काका म्हणू?"

"काका…" त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं. "काका म्हणजे तं बाबाचा भाऊ."

"आमच्या घरी बाबा नाई," चिमी म्हणाली, आमच्या घरी फ्रीज नाही अशा सुरात, आणि पुन्हा भोंगा दाबला.

मी चादर झटकली. "आहे. आमच्याजवळ नाई. मी सोडून आली त्याले."

आता 'काहून' येईल म्हणून मी दात आवळून धरले. सगळे तेच विचारतात. शेजारच्या उषाबाई तर दर पोळ्याला, दिवाळीला नव्याने विचारतात, जसं काही माझं उत्तर बदलणार आहे.

"बरं केलं," भूपेश म्हणाला.

एवढंच. आणि सीट टिपायला लागला.

इतक्या दिवसांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बाबांनीसुद्धा नाही. मी पाठ फिरवली आणि वाळलेलीच चादर पुन्हा दोरीवर घातली.

त्या संध्याकाळी त्याने सगळ्या गाड्या पाण्याने धुतल्या. ऊन तिरपं झालेलं, चेपलेल्या पत्र्यांवर थेंब. चिमी त्याच्या मागे-मागे. शेवटी नळ बंद करून तो पाण्याचा पाइप गुंडाळायला बसला, आणि तिला दाखवत होता, "पाह्य, इकडून एक, तिकडून एक. मंग त्याच्या कमरेले बांधाचं. शेपूट आत. जाळ्याचा दोर असाच ठेवा लागते, नाई तं पहाटं डोंग्यात बसलं का गुंतते. माह्या बाबानं शिकवलं मले."

इंग्रजी आठ. मधोमध कंबर. टोक आत.

माझ्या हातातला चहाचा पेला मी गाडीच्या बोनेटवर ठेवला. नीट ठेवला. 

"दोर तुम्ही सोडले."

त्याने वर पाहिलं. खोटं बोलायला लागतो तेवढा वेळ त्याच्याकडे होता. त्याने तो वापरला नाही.

"हो."

"काहून?"

"साहेब म्हणाले, ड्रोननं शूटिंग कराचं आहे, दोर मधात येतात. फोटोत बिछायत दिसते, म्हणाले."

फोटोत बिछायत दिसते! बिछायतीच्या सावलीत उभं राहून!

"शूटिंग झालं का लगेच बांधाचे म्हणून खुंटीलेच टांगले मी. मंग मले भंडाऱ्याले पाठवलं, पितळेचं पॉलिश आणाले. बांधून जातो म्हटलं, तं म्हणाले आदी जा. अर्ध्या रस्त्यात आभाळ काळं झालं. मी गाडी पलटवली, पण…"

"आणि काल मी तुम्हालेच विचारलं, कोणी सोडले! माझ्या चादरी घेतल्या. माझ्या बापानं पाठवलेला चहा पिला. माझ्या पोरीले खांद्यावर घेऊन फिरले. उद्या तो बिचारा सगळ्यायसमोर मान घालणार, आणि तुम्ही काय करणार होते? सिटा टिपणार?"

"सांगणार होतो."

"कधी?"

तो पाइपची शेपूट आत खोचत राहिला, आधीच खोचलेली. "आदी वाटलं, नोकरी जाईन." मग मान हलवली. "नाई. काल ते खरं होतं. आज… तुमी बोलणं बंद कराल म्हणून भेव वाटून राहिलं होतं."

काय करावं अशा माणसाचं! मी इतकी चिडलेली, इतक्या हक्काने चिडलेली, आणि त्या रागात त्याने असं काहीतरी सोडलं की मला माझा रागसुद्धा धड करता येईना. त्याबद्दल मी आणखीच चिडले.

"चिमे, चल," मी तिचा हात ओढला. "मामाले टाटा कर."

मामा हा शब्द मी मुद्दाम ठासून म्हटला. तो त्याला लागला. लागावा म्हणूनच म्हटला होता. मग मलाच रात्रभर का लागत राहिला, कोण जाणे.

*

मंगळवारी सर्व्हेअर आला. चष्मेवाला, घाम पुसत फिरणारा. लॉनचा मालक, ज्यांच्या गाड्या होत्या ते दोघे-तिघे, गावातले बघे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मान घालायला इस्त्रीचा शर्ट!

चंद्रकुमारजी गोड आवाजात म्हणाले, "यादोरावजी सांगतील. साधा माणूस आहे, कामात कमीजास्त होतं. सांगा, काका."

बाबांनी हात जोडले. "साहेब, आमची चू…"

"दोर मी सोडले."

भूपेश मरून गाडीजवळ उभा होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो मात्र माझ्याकडे पाहत होता.

"मोबाइल काढा," तो मला म्हणाला. "बाबांचं नाव ज्याच्यावर खराब केलं, त्याच्यावरच हेबी जाऊ द्या."

मी मोबाइल धरला. चौकटीत तो आणि मागची मरून गाडी आली, तसं बटण दाबलं.

"मी भूपेश. या गाड्या मीच आणल्या, मीच धुतो. शनिवारी पश्चिमेचे सगळे दोर मी माह्या हातानं सोडले. साहेबानं सांगतलं, फोटोत येतात म्हणून. बांधाले मले येऊ देल्लं नाई, आणि मीबी अडून बसलो नाई. यादोरावजीचा मंडप पक्का होता. तो उडाला नाई, साहेब. आमी त्याचे हात सोडले."

"भूपेश! होश में हो?" चंद्रकुमारजींचा गोड आवाज संपला. "कल से काम पे मत आना!"

"हो." त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मरून गाडीच्या बोनेटवर ठेवला. वाजू न देता. तिच्या नाकावरून एकदा हात फिरवला.

चंद्रकुमारजी माझ्याकडे आले. "मॅडम, तो व्हिडिओ डिलीट करा. गैरसमज पसरतील."

"लोकल मोबाइल आहे, भाऊ," मी म्हटलं. "पण पक्का आहे."

सर्व्हेअर खुंट्यांचे फोटो काढायला पश्चिमेकडे गेला. बाबा तिथेच उभे होते, जोडलेले हात सोडायचे विसरून. मी जाऊन ते सोडवले.

चंद्रकुमारजींचा माफीचा व्हिडिओ अजून यायचा आहे. येणार नाही, मला ठाऊक आहे. मोठी माणसं बदनामी मोबाइलवर करतात आणि माफी मनातल्या मनात मागतात! पण भूपेशचा व्हिडिओ दुपारपर्यंत पार कोंढ्यापर्यंत पोचला, आणि तिथल्या लग्नघराचा फोन आला. "यादोरावजी, गुरुवारचा मंडप ठेवा बरं का. आमी काही नाई म्हटलं नव्हतं." म्हटलं होतं! शब्द न् शब्द मला पाठ आहे. बाबा मात्र "हो हो" म्हणाले आणि शनिवारपासूनचा पहिला चहा गरम असताना प्यायले.

*

संध्याकाळी दाराची कडी वाजली.

तो होता. चादरींचा गठ्ठा घेऊन. धुतलेल्या, वाळलेल्या, घड्या घातलेल्या. पाठीवर त्याची पिशवी.

"पवनीची बस आहे थोड्या वेळानं. म्हटलं चादरी देऊन जाव."

मी गठ्ठा घेतला. गठ्ठ्याभोवती दोर होता, आठाच्या घडीचा, कमरेला बांधलेला. मुद्दाम! मला हसू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते.

"मी अजून रागात आहे," मी सांगून टाकलं.

"राहा ना," तो म्हणाला. "रागात तुमी बोलता तरी."

"बोलत नाई. ओरडते."

"तेबी चालते."

ओसरीवरून बाबा खाकरले. "पवनीत कोणत्या मोहल्ल्यात?"

तो सरळ उभा राहिला. "ढिवर मोहल्ल्यात."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे, निळा कोट घातलेल्या. मग माझ्याकडे, बराच वेळ. मी चादरी मोजत असल्याचं सोंग केलं. एवढ्या वेळात बाबांच्या मनात काय-काय येऊन गेलं, ते मला कळत होतं. जात, गाव, उषाबाई, माझं पहिलं लग्न. सगळं त्या ओसरीवरून चालत गेलं, आणि शेवटी बाबांनी खुर्ची पुढे सरकवली.

"गुरुवारी कोंढ्याले मंडप आहे," ते म्हणाले. "तणावे बांधाले माणूस कमी आहे. सोडता येते तं बांधताबी येत असन?"

"येते," भूपेश म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, "यावेळी कोणी सांगतलं तरी सोडणार नाई."

दोरांचंच बोलत होता. असं समजून घ्यायला मी मोकळी होते. पण मी तसं समजले नाही. माझा चेहरा गरम झाला आणि मी आत पाणी आणायला वळले, तर दारात चिमी कमरेवर हात ठेवून उभी.

तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझा पदर ओढला आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं –

"आई, हा मामा नाई, काका नाई… मंग मी याले काय म्हणू?"